आमच्या बाईंचा पोरगा

प्रिय शुभांगी,

तुझा समर्थ इंग्रजी शाळेत जातो ही गोष्ट मला बंडप्पानं सांगावी? अन् ती बी भर ग्रामसभेत? तीन वर्षं झाली तू आमच्या गावच्या शाळेवर बदलून येऊन. आठ दिवसाला एकदा तरी माझ्या चुलीपुढं बसून भाकरी खातीस, नवऱ्याचं सांगतीस, सासूचं सांगतीस, पण हे तोंडातनं त्या सभेआधी कधी निघालं न्हाय. म्या विचारलं तर "जातो की शाळेत" एवढंच. मला वाटायचं, तुमच्या धाराशिवात बी जिल्हा परिषदेची शाळा असंल, मास्तरणीचं पोरगं दुसरीकडं कशाला जाईल? एवढी मी येडी.

तू म्हणशील, फोन करायचा. फोनवर तू "व्हय गं, व्हय गं" करतीस अन् पोरांचा गलका झाला की ठेवतीस. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, वाचताना लाल पेन हातात घेऊ नको.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला अन् तू स्कुटीवर निघून गेलीस, म्हणून माघारी काय झालं ते ऐक. बंडप्पानं विषय काढला की येडशीच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी जूनपासून गावात येणार, आठ पोरांच्या आईबापांनी व्हय म्हणलंय. आठ पोरं गेली तर आपल्या शाळेत राहतंय कोण? शिक्षण खात्याचा साहेब मागंच बोलून गेलाय, पट असाच घसरला तर शाळा शेजारच्या गावाला जोडू. म्हणजे पहिलीतल्या लेकरांनी हमरस्ता ओलांडून जायचं. मी शाळा समितीची अध्यक्ष, मला राहवंना. उठले अन् म्हणलं, आमच्या बाईंसारखी बाई येडशीत दाखवा, माझी अक्षदा तिसरीत हाय अन् पेपर धडाधडा वाचती, त्या शाळेतली पोरं नुसत्या पोपटासारख्या कविता म्हणत्यात. तर बंडप्पा बसल्या जागेवरनं म्हणतो, "धुरपताबाई, हॉटेलवालाच सोताच्या हॉटेलात जेवंना, मग आमी का जेवावं? तुमच्या बाईंचा पोरगा कुठं जातो ते इचारा." त्याच्या मेव्हणीचं पोरगं समर्थच्याच वर्गात हाय म्हणं. सगळी सभा हसली. आमचे मालक बी हसले, मान खाली घालून. मी तशीच उभी. बस म्हणायला बी कुणी न्हाय.

बंडप्पा खोटं बोलला असता तर म्या त्याला तिथंच सोलला असता. पण खरं काय, ते मला बी दिसतंय की. चार वर्गाला दोन मास्तर. त्यातले गुरुजी मतदार यादीपायी तहसीलला, अन् तू मोबाईलवर कसली तरी माहिती भरत बसलेली. पोरं नुसती पाढे ओरडत्यात. सरकार खिचडी देतं, पुस्तकं देतं, गणवेश देतं, पण मास्तर मागितला की वरनं आला न्हाय म्हणतंय. अन् तो टीव्ही! बिरोबाच्या जत्रेत गजीढोल वाजवून नाचणारा संघ आणायची वर्गणी म्या भावकीशी भांडून शाळेच्या टीव्हीला वळवली. त्या साली जत्रेला ढोल वाजला न्हाय. थोरला दीर वर्षभर माझ्याशी बोलला न्हाय, देवाला उपाशी ठेवलं म्हणाला. आता लाईटबिल ग्रामपंचायतीनं भरायचं का शाळेनं, ह्या भांडणात टीव्ही टॉवेलाखाली झाकून पडलाय. त्या इंग्रजी शाळेत म्हणं वर्गावर्गात टीव्ही. माझ्या अंगाची आग व्हती हे ऐकून. त्यांच्याकडं हाय म्हणून न्हाय, आपल्याकडं असून न्हाय म्हणून.

तू हसशील, पण आग मला पहिल्यापासनंच सोडत न्हाय. आपण दोघी ईट गावच्या शाळेत एका पट्टीवर बसायचो. गणितात मी तुझ्या पुढं, हे तू बी नाकारणार न्हाईस. चौथी झाली अन् तुझा मामा बार्शीवरनं आला, तुझी पेटी उचलली अन् घेऊन गेला. माझ्या मागं मामा न्हवता, मेंढरं व्हती. आमचा मेंढरांचा वाडा बालाघाटाच्या डोंगरावरनं फिरायचा तवा एखाद्या गावच्या शाळेची घंटा ऐकू आली की म्या मुद्दाम मेंढरं दुसरीकडं वळवायची. तू बाई झालीस तवा म्या पेढे वाटले. खाताना ते कडू लागले, हे कुणाला सांगितलं न्हाय.

अन् आता तर घरात बी तूच. अक्षदा वेणी घालून घेत न्हाय, बाईंसारखा अंबाडा पायजे. मी एक सांगितलं की "पण बाई म्हणल्यात" करून दुसरं सांगती. दिवाळीत तिला ताप चढला, मी कपाळावर घड्या ठेवतीय अन् ही म्हणती, बाईंना फोन लाव. नऊ महिने पोटात कुणी वागवली गं हिला?

आता लिहायचं कारण. परवा तू आलीस अन् भाकरी मोडता मोडता म्हणालीस, अक्षदाला जूनपासनं माझ्याकडं धाराशिवाला ठेव, समर्थच्या शाळेत घालते, पोरगी हुशार हाय, इथं वाया जाईल. मालक लगेच व्हय म्हणले. पोरगी तर नाचाया लागली. मी उठून पाणी आणायला गेले, तुला वाटलं राग आला. राग तुझा न्हवता. माझ्याच लेकीचा हेवा वाटला मला, तिची पेटी उचलायला कुणीतरी आलंय म्हणून. पण शुभांगी, इथं वाया जाईल म्हणजे काय? इथं शिकवतंय कोण? तूच ना? मग बाकीच्या लेकरांचं काय करतीस तू दिवसभर? तवा माझं एकच म्हणणं हाय. अक्षदा अन् समर्थ जूनपासनं एकाच शाळेत बसतील. एक तर तू समर्थला स्कुटीवर बसवून इथं आण. आपल्या पट्टीवर बसव त्याला. मग ती आठ पोरं मी आईबापांच्या दारात बसून माघारी आणते. न्हायतर अक्षदाला घेऊन जा, मी अडवणार न्हाय, पण त्या दिवशी अध्यक्षपद सोडते अन् बंडप्पाला सोता जाऊन सांगते की तुझंच खरं. शुक्रवारी समितीची बैठक हाय, मला तिथं तोंड उघडायचंय. कुठली शाळा, ते गुरुवारपर्यंत सांग. फोनवर न्हाय, घरी येऊन सांग.

तुझीच, अजून तरी,
धुरपता