बाजारातला नान

नारीन, १४ मार्च

प्रिय कुंदूज ताई,

कशी आहेस? दाजी, पोरं बरी ना? बिश्केकचा बर्फ एव्हाना वितळला असेल. इकडे सगळं मजेत.

आईची मात्र कमाल आहे! डॉक्टर म्हणाले, विसरभोळेपणा थोडासाच आहे, पण तोल सांभाळायची प्रॅक्टिस हवी. म्हणून मी काम करतो त्या फिजिओथेरपी केंद्रात मी तिला आठवड्यातून तीनदा व्हीआरचा चष्मा लावतो. डोळ्यांसमोर रस्ता दिसतो, वाटेत वस्तू येतात, त्या पाय उचलून ओलांडायच्या. एवढंच! पण ही त्या रस्त्यावर दिसेल त्या माणसाला थांबून सलाम करते.

"आई, ती चित्रं आहेत."

"मग चित्रांना सलाम करायचा नाही? तुला वळण कुणी लावलं रे?"

झाला स्कोर शून्य! डोकं धरून बसलो. मग तीन रविवार घालवून खास तिच्यासाठी चष्म्यातच आपला बाजार बनवला, माणसं वगळून. वाटेत खोकी, कलिंगडं आणि नान. गोल काढायला सोपा, म्हणून. हसू नकोस.

मंगळवारी ती नानपाशी येऊन थांबली.

"ओलांड, आई."

"नान ओलांडू? मेल्या!"

"अगं, खोटा आहे तो!"

"खोटी तुझी अक्कल."

आणि वाकली. उचलून कपाळाला लावायला. आधाराला हात दुकानाच्या टेबलावर टेकला. टेबलही मीच काढलेलं.

ताई, मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. तू म्हणाली होतीस, एकदा जरी पडली तरी घर, गाय विकून तिला बिश्केकला नेणार. म्हणूनच तुझे फोन उचलले नाहीत. हे पत्रही मिनीबसवाल्याकडे देतोय, कारण फोनवर तोंड उघडत नाही.

अजून एक. छताला अडकवलेला पट्टा कमरेला असता, तर ती पडलीच नसती. "मी काय गाय आहे बांधायला?" अशी रोजची कटकट. त्या दिवशी वैतागून मीच सोडला. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'पेशंटने स्वतः सोडला.' आज ते खोडून माझं नाव लिहिलं.

सकाळपासून तिने मला चारदा विचारलं, गाय दोहलीस का. मग म्हणाली, "एल्दियार, तो नान कुणी उचलला का रे? लोकांच्या पायाखाली येईल."

"उचलला, आई."

मग केंद्रात जाऊन खरंच काढला. तिथे आता दगड आहेत.

रविवारी ये. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण न्यायचं की नाही, ते तिला विचार. काय ओलांडायचं नाही हे तिला अजून नीट कळतं.

तिचा पट्टा सोडणारा,
एल्दियार