धनुष्य तुझे, बाण माझे

सांगली, गुरुवार

प्रिय जयराज,

सप्रेम नमस्कार. मातोश्री अंबूबाईंच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल, पाटणची थंडी तुझ्या छातीला मानवत असेल आणि सुभेदारकीतून निवृत्त झाल्यावरही तू घरच्यांना पहाटे पाचला कवायतीसाठी उठवत नसशील, अशी आशा करतो. आम्ही इकडे कुशल आहोत. निदान तुझी वहिनी चंदनबाला आणि आमची ब्राह्मी कुशल आहेत.

ईशान्येतील नेमणुकीवरून आणलेले बांबूचे धनुष्य तू ब्राह्मीला दिलेस, हे तुझे औदार्य. त्यासोबत बांबूचे वेडेवाकडे बाणही दिलेस, ही तुझी लष्करी बेफिकिरी. येत्या रविवारी साताऱ्याला पारंपरिक धनुष्याची निवडचाचणी आहे आणि गेल्या वर्षी पोरगी दोन गुणांनी हुकली होती. तेव्हा उपयोजित यंत्रशास्त्राचा माजी विभागप्रमुख घरात असताना हा विषय नशिबावर सोपवणे मला अप्रशस्त वाटले. मी बारा कार्बनचे बाण मागवले. (एका बाणाचे वजन दुसऱ्याहून दशांश दोन ग्रॅमने अधिक निघाले; विक्रेत्याला मी दोन पानी पत्र धाडले आहे.) तुला तांत्रिक बाबींचे वावडे आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आधुनिक धनुष्याला मध्ये खाच असते, तुझ्या धनुष्याला नाही. त्यामुळे सुटलेल्या बाणाला मुठीला वळसा घालून, मासोळीसारखे अंग लववत पुढे जावे लागते. बाण फार ताठ असला तर डावीकडे जातो, फार लवचीक असला तर उजवीकडे. लांबी कापली की ताठपणा वाढतो. मी ब्राह्मीकडून पिसे न लावलेले बाण सोडवून चाचण्या घेतल्या, पाव-पाव इंच कापत गेलो आणि एकोणीस दिवसांत बाराही बाण एका रेषेत आणले. आलेख सोबत जोडले आहेत. ते घडी न घालता ठेवावेत.

या सोमवारी सकाळी ब्राह्मीने सरावाचा पहिला बाण सोडला आणि तो उजवीकडे, शेजारच्या मदनच्या उभ्या उसात शिरला. दुसराही त्याच्या मागे गेला. मदन दोन्ही बाण हातात घेऊन बांधावरून ओरडला, "सर, कारखान्याला ऊस घालायचाय, बाण न्हाई!" मी वारा मोजला, आर्द्रता मोजली, ब्राह्मीच्या बोटांविषयी काही कठोर शब्द काढले (ती त्यानंतर दीड दिवस माझ्याशी बोलली नाही) आणि शेवटी धनुष्यच वाकले असल्याचा निष्कर्ष काढून तुला मंगळवारचा तो संदेश पाठवला. तो संदेश आला नाही असे समजावे, विशेषतः "भंगार" हा शब्द. मग मी बाण आणखी कापू लागलो. नवव्या बाणापर्यंत आलो तेव्हा ब्राह्मीने पहिला कापलेला बाण पूर्ण ओढून पाहिला, तर त्याचे टोक मुठीच्या आत येऊन खाली पडले. तिने शांतपणे धनुष्य माझ्या हातात दिले. "पप्पा, मूठ बारीक झालीय. तुम्ही बघितलंच नाही का?"

खुलासा असा. खंडेनवमीला मातोश्री दरवर्षी शस्त्रांबरोबर या धनुष्याचीही पूजा करून मुठीवर लाल दोरा गुंडाळत. वर्षानुवर्षांचे थर चढून चांगली जाड गुंडाळी झाली होती आणि माझे सारे बाण त्या जाडीशी जुळले होते. गेल्या रविवारी संध्याकाळी चंदनबालेला तो दोरा कळकट दिसला. तिने तो भक्तिभावाने सोडवून कृष्णेत विसर्जित केला आणि मूठ पुसून लख्ख केली. बाणाचा वळसा कमी झाला आणि तेच बाण फार लवचीक ठरले. "देवाचा दोरा होता, कचऱ्यात कसा टाकू?" एवढेच तिचे म्हणणे. तिला दोष द्यावा, तर बाणाचे वजन दशांश ग्रॅमपर्यंत नोंदवणाऱ्या माझ्या वहीत मुठीच्या जाडीचा रकाना मुळी नव्हता. (हे वाक्य वाचून झाल्यावर खोडावे.)

असो. ज्ञान अशा अपघातांतूनच पुढे जाते. सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुझा,
सन्मती

ता. क. तीन बाण दुसऱ्यांदा न कापता उरले आहेत. चाचणीत फेरीला तीनच लागतात, म्हणजे सगळे आहेच. फक्त मूठ पूर्ववत हवी. मी जाडी मोजायला कॅलिपर घेऊन चार वेळा दोरा गुंडाळला, पण तो ब्राह्मीच्या हातात फिरतो. तेव्हा मातोश्रींना शनिवारी सकाळच्या एसटीने घेऊन येशील काय? गुडघ्यांसाठी पुढची सीट धरावी. ब्राह्मीच्या बोटांविषयी जे बोललो, त्याची भरपाई करण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधीच ब्राह्मीने पाटणला फोन लावला. मी अंबूबाईंना अदबीने विचारले की, दोऱ्याचे नेमके किती वेढे असत? त्या म्हणाल्या, "आरं सन्मती, दोरा काय टेप लावून गुंडाळत्यात व्हय? मूठ भरली की बास!" शनिवारी त्या येणारच आहेत. पत्र तरीही पाठवतो, कारण प्रवासात काय होईल सांगता येत नाही. त्या झोपल्या असताना त्यांच्या उजव्या मुठीचा घेर मिलिमीटरमध्ये मोजून कळवावा.