बिनलेबलची डबी

१२ मार्च, मंगळवार

चि. सूनबाई,

तुला आणि मुंगीला आशीर्वाद. तुमची खुशाली परवाच्या पत्रातून कळली. मुंगीचा पहिला दात पडला हेही कळलं, पण कोणत्या दिवशी ते तू लिहिलं नाहीस. लिहून ठेवत जा. पुढे आपल्यालाच आठवत नाही आणि मग मुलं विचारतात.

इकडे आम्ही ठीक. हॉस्पिटलचा औषध विभाग अजून तळघरातच आहे. दिवसाला दहा वेळा बावीस पायऱ्या चढते आणि उतरते, त्यामुळे माझे गुडघे तुझ्या सासऱ्यांपेक्षा चांगले आहेत. माझ्या जागी नेमलेला फार्मासिस्ट आघाडीवरून परत येईपर्यंत मला सोडणार नाहीत असं दिसतं. निवृत्त माणसाला परत बोलावलं की त्याला दुसऱ्यांदा निवृत्त करायला सगळे विसरतात.

तुझ्या सासऱ्यांचा नकाशा आता जेवणघराची अख्खी भिंत व्यापून बसला आहे. चाळीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस, वर्तमानपत्रातला नकाशा त्यांना पटत नाही. माझ्या जुन्या लाल स्वेटरची एक बाही उसवून त्याच्या लोकरीने त्यांनी आघाडीची रेघ केली आहे, आणि रोज सकाळी बातम्या ऐकून टाचण्या हलवतात. मागच्या वर्षी तू गेलीस तेव्हा हा धागा आपल्या गावापासून चार बोटांवर होता. आता चांगला वीतभर लांब गेला आहे. स्वारी खुशीत असते. परवा तर चक्क शीळ घालत होते. मी म्हटलं, दात सांभाळा.

गेल्या आठवड्यात तुझा नवरा दोन दिवसांच्या रजेवर येऊन गेला. आंघोळ केली, चौदा तास झोपला, उठून सहा अंडी खाल्ली. बरा आहे. ट्रक दुरुस्तीच्या तुकडीतच आहे, पुढे पाठवलेलं नाही. कोटाचं बटण तुटलं होतं ते मी लावून दिलं. बाकी विशेष काही नाही.

सोबतच्या पार्सलात मुंगीचे दोन स्वेटर, एक माप मोठे बूट, थर्मामीटर आणि रंगाच्या पेन्सिली आहेत. एका छोट्या पत्र्याच्या डबीत दहा पांढऱ्या गोळ्या आहेत, त्या जपून ठेव.

कळावे.

सासूबाई


२७ मार्च, बुधवार

चि. सूनबाई,

तुझं पत्र आज सकाळी साडेनऊला हातात पडलं. आधी दोन गोष्टी सांगते, आशीर्वाद नंतर.

एक, डबीतल्या गोळ्या मुंगीला द्यायच्या ताबडतोब थांबव.

दोन, रविवारच्या बसने येऊ नका. तिकिटं काढली असलीस तर परत कर. परत घेत नसतील तर फाडून टाक.

आता सविस्तर. आजी नेहमी कॅल्शियम पाठवते म्हणून हेही तेच असेल, असं समजून तू तिला तीन दिवस रोज एक गोळी दिलीस. घाबरू नकोस. तीन गोळ्यांनी बहुधा काहीही होणार नाही. तरी अंगावर पुरळ येतं का, गळ्याला सूज दिसते का ते बघ, आणि तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे. त्यांना सांग, पोटॅशियम आयोडाइड, पासष्ट मिलिग्रॅम, तीन दिवस. कागदावर लिहूनच घेऊन जा.

यात तुझी चूक नाही. चूक माझी आहे, आणि साधीसुधी नाही. सदतीस वर्षं मी औषध देते आहे. लेबल नसलेली बाटली माझ्या खिडकीतून कधी बाहेर गेली नाही. एकदा मोठ्या सर्जनना मी नुसत्या लेबलासाठी पुन्हा खाली बोलावलं होतं, तो किस्सा तू माझ्याकडून चार वेळा तरी ऐकला असशील. आणि स्वतःच्या नातीला मी बिनलेबलची डबी पाठवली.

विसरले नव्हते. तीन वेळा लेबल घेऊन बसले. नाव लिहिलं, वय लिहिलं, मात्रा लिहिली. खाली एक रकाना असतो, 'केव्हा घ्यावे'. आपण लिहितो जेवणानंतर, झोपताना, ताप आल्यास. तिथे पेन अडलं. तिसरं लेबलही चुरगळून टाकलं आणि डबी तशीच पार्सलात घातली. म्हटलं, सोबतच्या पत्रात लिहीन. त्या पत्रात काय लिहिलं, तर दात कधी पडला आणि सासरे शीळ घालतात.

आता लिहिते. अणुबॉम्ब पडला, तर त्या गोळ्या घ्यायच्या असतात. इथे तो शब्द कुणी उच्चारत नाही. 'ते' म्हणतात. 'ते झालं तर', 'त्यांनी ते वापरलं तर'. आमचा कंपाउंडरसुद्धा खोकी उतरवून घेताना म्हणाला, बाई, 'त्या'च्या गोळ्या आल्या. महिनाभर आम्ही त्या घरटी वाटतो आहोत. मुलांना आधी, मग तरुणांना. चाळिशी ओलांडलेल्यांना देत नाहीत, त्यांना उपयोग कमी. हे तुझ्या सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण मला म्हातारा ठरवायला सरकारी परिपत्रक लागलं तुला." तुझा आणि मुंगीचा पत्ता अजून याच घरचा आहे, म्हणून तुमच्या वाट्याच्या मी सही करून घेतल्या आणि पाठवल्या.

तू लिहितेस की आता आपण जिंकतो आहोत, नदीकाठची गावं परत मिळाली, मग आता कसली भीती. बरोबर आहे. शनिवारी आपली माणसं नदीपर्यंत पोचली तेव्हा आमच्या रस्त्यावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दिवसभर फुकट दाढ्या केल्या. आघाडी सरळ झाल्यामुळे नकाशावर हातभर लोकर उरली. ती गुंडाळून तुझ्या सासऱ्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, घे, तुझी बाही विणायला सुरुवात कर.

मी ती ओट्यावर ठेवली आणि भांडी घासत राहिले. कारण आपण हरत होतो तेव्हा मला तोफांची भीती होती, आणि तोफांपासून तळघर वाचवतं. आता ते हरू लागले आहेत. आपल्या सैन्याने नदी ओलांडली तर हाताशी असेल ते सगळं वापरू, असं त्यांनी दोनदा जाहीर केलं आहे. पुढाऱ्यांच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही, आपल्याही नाही आणि त्यांच्याही नाही. पण तुझा नवरा खोटं बोलत नाही.

तो आला होता तेव्हाचं मी तुला सगळं सांगितलं नाही. मी बटण लावत होते. कोट त्याच्या अंगावरच होता, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं आणि मला वर बघता येत नव्हतं. तेव्हा तो बोलला. त्यांच्या तुकडीला रबरी मुखवटे आणि अंगभर झाकणारे पोशाख मिळाले आहेत. ट्रक धुवायचे कसे, वारा कुठून वाहतो ते बघून थांबायचं कुठे, याचं शिक्षण दिलं आहे. मी धागा तोडला तर म्हणाला, "आई, तिला यातलं काही कळवू नकोस. ती तिथे एकटी आहे, झोपायची नाही."

मी शब्द दिला, आणि त्याचं फळ आज सकाळी पाकिटातून बाहेर आलं. तुला काही माहीत नाही, म्हणून तू सुखाने बस पकडायला निघालीस. तुला झोप लागावी म्हणून आम्ही दोघांनी मिळून तुला इकडे बोलावून घेतलं असतं. आज मी तो शब्द मोडते आहे. त्याला माझं मी सांगीन. रागावला तर रागावू दे, लहानपणीही रागावून माडीवर जाऊन बसायचा आणि भूक लागली की खाली यायचा.

बॉम्ब पडणारच असं मी म्हणत नाही. कुणालाच माहीत नाही. शंभरात दोन वेळा म्हण, पाच वेळा म्हण. पण शंभरात दोनदा दरीत जाणाऱ्या बसमध्ये तू मुंगीला बसवशील का? आणि तुम्ही आहात ते गाव नदीपासून दोन दिवसांच्या वाटेवर आहे, आम्ही चार तासांच्या.

आता पत्रातली तुझी शेवटची ओळ. 'आता तरी येऊ द्याल ना आई, की अजूनही त्या घरात माझं काही काम नाही?'

ते वाक्य माझंच आहे. बसस्थानकावर तू सामान उतरवून घेतलंस, मी येत नाही म्हणालीस, मुंगी रडायला लागली आणि बस सुटायला आली, तेव्हा मी म्हटलं, "तुझं या घरात काही काम नाही. बस." तू बसमध्ये चढलीस. खिडकीतून हात हलवला नाहीस. मी घरी आले तर सासऱ्यांनी विचारलं, गेली का नीट? मी म्हटलं, गेली. मग ते मुंगीच्या खोलीत जाऊन बसले, आणि मी दुपारच्या पाळीला निघून गेले.

मला दुसरं काही सुचलं नाही. 'तुझ्याशिवाय या घरात माझा दिवस जाणार नाही' असं म्हटलं असतं, तर तू उतरली असतीस. तू वर्षभर ते वाक्य मनात धरून बसली असशील हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुझ्या पत्रांत सगळं असतं, शाळा, सर्दी, भाडेकरू, पण 'आई' हा शब्द आज वर्षानंतर आला. माझ्या ते लक्षात येत होतं. विचारायचा धीर झाला नाही.

आमची काळजी करू नकोस. हॉस्पिटल सोडून मला जाता येणार नाही, शंभर घरांत गोळ्या वाटायच्या राहिल्या आहेत. आणि मला सोडून तुझे सासरे जाणार नाहीत, कारण त्यांना चहा करता येत नाही. तळघरात आमच्यासाठी दोन खाटा टाकल्या आहेत. त्यांनी नकाशाची घडी करून तिथे नेऊन ठेवली आहे.

फोन सोमवारपासून बंद आहेत आणि टपालाचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र रुग्णवाहिकेच्या चालकाबरोबर देते आहे. तो दोन पेशंट घेऊन तिकडच्या हॉस्पिटलात उद्या निघतो, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात येईल. त्याला जेवायला घाल. मिळालं आणि वाचलं, एवढं एका कागदावर लिहून त्याच्याच हाती दे. ते माझ्या हातात पडेपर्यंत मी रविवारच्या बसची वाट बघत उभी असेन, आणि तीही तू त्यातून उतरू नयेस अशी आशा करत.

सोबत लेबल आहे. डिंकाने डबीवर चिकटव, वाकडं लावू नकोस. त्यावर लिहिलं आहे ते इथेही लिहिते, अक्षर पुसलं तर असावं.

मुंगी, वय साडेपाच: एक गोळी. मुंगीची आई, वय एकतीस: दोन गोळ्या.
केव्हा घ्यावे: अणुबॉम्ब पडल्याचं सरकारने जाहीर केलं आणि गोळी घ्या असं सांगितलं, तरच. आधी नाही. नंतर उशीर नाही.
ही गोळी गळ्यातली एक ग्रंथी वाचवते, बाकी काही नाही. घेतल्यावर घरात राहा, दारं-खिडक्या बंद.
देणार: आजी.

सात गोळ्या उरल्या आहेत. सातच्या सात तशाच परत आण. डबी उघडून मी स्वतः मोजणार आहे, आणि त्या दिवशी या घरात तुझं काय काम आहे ते तुला बसवून सांगणार आहे. त्याला पूर्ण दिवस लागेल.

मुंगीला पापा. दाताची तारीख कळव.

तू येऊ नयेस म्हणून हे लिहिणारी,
तुझी आई