किल्ला बघायला आलेला म्हातारा

प्रिय आई, तुझ्या दोन्ही हातांना मुका.

सोन्चिनोत मी मजेत आहे. किल्ल्याच्या भिंतीचं गवंडीकाम अजून वर्षभर पुरेल. तुझी कंबर कशी आहे?

काल एक म्हातारा किल्ला बघायला म्हणून आला आणि खानावळीत माझीच चौकशी करत बसला. "पोरगा पितो का? कामाला वेळेवर जातो का?"

खानावळवाली पाओला म्हणाली, "आजोबा, लेक बांधायचीय का त्याच्या गळ्यात?"

तेवढ्यात टेबलावरचा पालथा पाव त्यानं सुलटा करून त्याचा मुका घेतला. असं आपल्याच गावात करतात.

आई, खरं सांग, त्याला बाबांनीच धाडला ना? मी भांडून निघाल्यापासून ते माझं नाव काढत नाहीत म्हणतेस!

त्यांना म्हणावं, माणसं कसली पाठवता, स्वतः या. खाट एकच आहे, मी खाली झोपेन.

तुझाच,
कार्मिने