टाचणी राहिली आहे

१४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. म्हणजे नळाला पाणी येतं, छत गळत नाही, आणि दुकानाचा भाडेकरू अजूनही अण्णांच्या शिलाई मशीनवर कुंड्या ठेवतो. हल्ली 'ठीक'ची कंबर मी जरा सैल करून घेतली आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, अण्णा नीट जेवतात ना? मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. बोलायला गेले की रडू येतं, म्हणून हे कुरिअरने पाठवतेय. उद्या मिळेल.

उन्हाळ्यापासून त्यांनी एकच घोशा लावला होता, "टाचणी राहिली आहे, काढ." आपलं शिंप्याचं घर. टाचणी म्हटल्यावर मी कापडातच शोधणार. त्यांचे सगळे सदरे उलटे करून शिवण न् शिवण चाचपली, उशीचा अभ्रा उसवला, गादीसुद्धा बदलली. ते घास थुंकायचे, चमचा जवळ नेला की हातावर फटका द्यायचे, आणि मी त्यांच्या विसराळू डोक्याला बोल लावायची. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी गाल सुजला तेव्हा कळलं, दोन दाढांच्या मुळाशी पू झाला होता. एवढे महिने ते सांगत होते, बारक्या. त्यांना जमेल तसं सांगत होते.

दातांच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. पण अण्णा जबडा उघडेनात, बाईंच्या बोटाला चावलेसुद्धा. हृदय अशक्त, त्यामुळे पूर्ण भूल देता येत नव्हती. बाई म्हणाल्या, "तोंड उघडलं तरच काही करता येईल."

तेव्हा मला ते सुचलं. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा टाचताना अण्णा टाचण्या ओठांत धरायचे, आठवतं? दोन्ही हात अडकले की तू हनुवटीखाली तळहात धरायचास, ते तोंड उघडायचे, आणि तू एकेक काढून द्यायचास. ते काम तुझंच. मी धांदरट, मला कधी दिलं नाही.

मी तळहात धरला. म्हटलं, "द्या अण्णा."

त्यांनी सावकाश तोंड उघडलं. म्हणाले, "जपून हं बारक्या, टोचेल."

ते माझ्या हाताकडे बघत होते तेवढ्यात बाईंनी हिरडीत इंजेक्शन दिलं. मग त्या दोन्ही दाढा काढल्या. डोकं मी धरून ठेवलं होतं.

आता जखम भरली आहे, दुखणंही थांबलंय. पण तेव्हापासून अण्णा तोंड उघडत नाहीत. माझा हात दिसला की ओठ आवळतात आणि डोळे मिटून घेतात. फटीतून जे चार घोट दूध जातं, त्यावर दिवस निघतोय. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात नाकातून नळी घालू. ते ती नळी उपटणार, म्हणून हात बांधावे लागतील. अण्णांचे हात.

तू म्हणतोस, ओळखतच नाहीत तर येऊन काय करू. त्या खुर्चीत त्यांच्या तोंडून एकच नाव आलं, आणि ते माझं नव्हतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या हाताने त्यांना अजून फसवलेलं नाही.

फळं, औषधं काही आणू नकोस. रिकाम्या हाताने ये.

तुझ्या नावाने हात पुढे केलेली,
ताई