लिलियनची चौकशी

रविवार, ४ मे

वडे मात्र छान झाले होते! बाकी आजच्या मीटिंगबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही.

नचिकेतच्या सिडनीतल्या कॅसल हिलच्या घरी आम्ही आठ मराठी घरं महिन्यातून एकदा जमतो. आधी ती भिशी होती. दोन वर्षांपूर्वी नचिकेतने तिची ‘सह्याद्री एंजल्स’ केली. म्हणजे सगळ्यांनी थोडे थोडे पैसे काढायचे आणि नव्या कंपन्यांत घालायचे. आज पहिल्यांदा मी एक कंपनी आणली. केनियातल्या किसुमूच्या लिलियन अकिन्यीची. खेड्यांतल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने ती थंड पेट्यांत घालून मोटरसायकलवरून शहरातल्या लॅबला पोचवते. गेल्या वर्षी एका ऑनलाइन कॉन्फरन्समध्ये तिचं बोलणं ऐकलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना लिहितो.

आमचे चार वाजले होते, तिचे सकाळचे नऊ. चर्च सोडून स्क्रीनसमोर बसली होती बिचारी. आणि आमचे लोक! नचिकेतचा पहिला प्रश्न — तुमच्याकडे वीज असते का? सिद्धार्थचा — आर यू मॅरीड? उद्या घरी काही निघालं तर कंपनी कोण बघणार? एक तास दहा मिनिटं हेच! गेल्या महिन्यात तो मेलबर्नचा पोरगा आला होता, कुत्र्यांच्या खाऊचं अ‍ॅपवाला. त्याला वीस मिनिटांत हो. त्याला नाही कुणी विचारलं लग्न झालंय का!

लिलियन हसून म्हणाली, वीज आहे, नवरा आहे, दोन मुलं आहेत आणि कंपनीला चौथं वर्ष लागलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही या देशात नवे नवे आलो तेव्हा रविंद्रला प्रत्येक इंटरव्ह्यूत ‘लोकल एक्स्पीरियन्स आहे का’ विचारायचे. आठ महिने घरी बसला होता. संध्याकाळी चिडून बूट भिरकावायचा. आज माझा हाच नवरा चटणीत वडा बुडवत गप्प!

मंगळवार, ६ मे

आज लॅबमध्ये शिफ्टला रक्ताचा एक नमुना फेकावा लागला. लांबच्या क्लिनिकमधून आला होता, रस्त्यात तापला, रक्तपेशी फुटून सगळी नळी लाल. फोन करून सांगायचं — सॉरी, पेशंटला पुन्हा बोलवा. एकोणीस वर्षं हा फोन करतेय. इथला पेशंट वैतागतो आणि गाडीत बसून परत येतो. लिलियनकडचा पेशंट पंधरा किलोमीटर चालत आलेला असतो. तो परत येत नाही.

तिच्याकडे आधी शंभरातले तीस नमुने वाया जायचे. आता चार. हा आकडा बघून माझ्या अंगावर काटा आला होता. नचिकेत म्हणाला, “नाइस, बट व्हॉट्स द एक्झिट?” म्हणजे आपण त्यातून बाहेर कधी पडणार! अरे, आत तर ये आधी!

गुरुवार, ८ मे

ग्रुपवर नचिकेतचा मेसेज — रेफरन्सेस काय? तिकडे आपलं कोण आहे?

मी लिहिलं, माझ्यावर सोड. वेस्टमीडच्या विमलमावशींचा भाचा सारंग किसुमूजवळच्या साखर कारखान्यात इंजिनीअर आहे. मूळचा सांगलीचा, आठ वर्षं तिकडेच. त्याला फोन केला. त्याला सांगितलं, लग्नाआधी करतात तशी नीट चौकशी कर, गवगवा न करता. माझ्या वेळी अण्णांनी रविंद्रच्या गल्लीतल्या किराणावाल्यापासून बँकेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. पितो का, उधारी वेळेवर देतो का, घरात भांडणं आहेत का. तीच यादी सारंगला दिली. म्हणाला, “ताई, काळजीच नको.”

निदान आता ‘आपलं कोण आहे’ हे तुणतुणं तरी बंद होईल. जसं काही मेलबर्नच्या कुत्रेवाल्याच्या गावात यांचे मामा राहतात!

बुधवार, १४ मे

नचिकेत अजून मुहूर्त शोधतोय. लिलियनचा मेल — काही कळलं का? काय सांगू!

रविवार, १८ मे

डोकं फिरलंय.

लिलियन पुन्हा स्क्रीनवर. तिला एका मोठ्या हॉस्पिटलचं काम मिळतंय, एक जुलैपासून. त्यासाठी वीस पेट्या आणि दहा मोटरसायकली हव्यात. निम्मे पैसे नैरोबीचा एक गट देणार. अट एकच, उरलेले निम्मे मेअखेर कुणीतरी कबूल करायला हवेत. गटात डॉक्टर आहेत, दोन निवृत्त बँकवाले आहेत, एक शाळा चालवणारी बाई आहे. लिलियन सांगत होती, पाच वर्षांपूर्वी पैसे हवे असले की लंडनला नाहीतर अमेरिकेला मेल टाकून वाट बघायची. आता नैरोबी, लागोस, कंपाला, जिथे तिथे असे गट निघालेत, आपलीच माणसं आपल्या माणसांना चेक लिहितात. हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता!

यावर नचिकेतने काय म्हणावं? “मग ते सगळेच का देत नाहीत? काहीतरी गडबड असणार.” आम्ही तरी कधी कुणाला सगळेच दिलेत? वर दोन अटी. कंपनी इथे सिडनीत रजिस्टर करायची, आणि सॉफ्टवेअर बघायला पुण्याचा त्याचा ओळखीचा माणूस ठेवायचा. लिलियनकडे तिचा माणूस आहे! त्याने तर ते सॉफ्टवेअर लिहिलं! उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात.

लिलियन शांतपणे म्हणाली, विचार करून सांगते. कॉल संपल्यावर सिद्धार्थ — “शी सीम्स डिफिकल्ट.” मी ताडकन उठले आणि म्हटलं, तुझ्यासारखे प्रश्न मला कुणी विचारले असते तर मी लॅपटॉपच आपटला असता. नचिकेतची बायको मयूरा चहा विचारायला लागली.

ट्रेनने एकटी घरी आले. रविंद्र मागून गाडी घेऊन आला.

मंगळवार, २० मे

सारंगचा फोन! “ताई, बाई एकदम शंभर नंबरी.” चर्चमध्ये विचारलं, घरमालकाला विचारलं, बँकेत गेला, त्या हॉस्पिटलच्या खरेदी खात्यातसुद्धा जाऊन आला. ऑस्ट्रेलियातून पाहणी चाललीये म्हटल्यावर प्रत्येकाने बसवून चहा दिला म्हणे. पोराने किती धावपळ केली! विमलमावशींना फोन करून त्याचं कौतुक केलं.

सगळं ग्रुपवर टाकलं. आता बोला म्हणावं!

उत्तरादाखल सिद्धार्थने अंगठा टाकला.

शनिवार, २४ मे

आज रविंद्रशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, ग्रुप गेला खड्ड्यात, निम्मे पैसे मी एकटी घालणार. लाँग सर्व्हिस लीव्हचे, इतक्या वर्षांच्या साठलेल्या रजेचे माझे पैसे आहेत, आईने माझ्या नावे ठेवलेले आहेत. तो म्हणाला, “नीलू, तुझी भावना बरोबर आहे, पण नचिकेतला याचा अनुभव आहे.” कसला अनुभव? वडे खाण्याचा? एकोणीस वर्षं मी खराब नमुना नळी बघून ओळखते. एकदा तरी माझ्या नजरेवर पैसे लावू देत की मला! बुडाले तर माझे बुडतील.

ओवी जिन्यावरून सगळं ऐकत होती. “जस्ट डू इट, मम. दे आर बीइंग सो रेसिस्ट.” बापाचं तोंड बघण्यासारखं झालं. हल्ली रेसिस्ट म्हटलं की घरात शांतता होते.

बुधवार, २८ मे

ग्रुपचा निकाल — पास. म्हणजे नाही. कारण? नचिकेत लिहितो, “हिअरिंग की हॉस्पिटलचं काम ऑन होल्ड आहे.” हिअरिंग! कुणाकडून? नैरोबीच्या गटातल्या कुणाला तरी लिंक्डइनवर विचारलं म्हणे. शुद्ध कंडी! नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून त्या बाईच्या कामावर शिंतोडे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — दर दिवाळीला हाच माणूस मंडळाच्या स्टेजवरून मायग्रंट्सना कसं डावललं जातं यावर भाषण ठोकतो!

लिलियनला लगेच लिहिलं. निम्मे पैसे माझे, बँकेत तयार आहेत, फक्त अकाउंट नंबर पाठव. शेवटी लिहिलं, मी त्यांच्यासारखी नाही.

शुक्रवार, ३० मे

उत्तर नाही. उद्या मुदत संपते. दोनदा फोन केला, उचलत नाही.

रविवार, १ जून

अजून नाही. नचिकेतनेच तिला काहीतरी लिहिलं असणार. आज त्याला फोन करून सुनावलं. एका बाईचं चार वर्षांचं काम तुझ्या एका मेसेजने मोडलं तर झोप लागेल का तुला? तो म्हणत राहिला, “आय स्वेअर नीलिमा, मी तिला काहीच लिहिलं नाही.” मी फोन आपटला. ग्रुपही सोडला. बरं वाटलं!

मंगळवार, ३ जून

लिलियनचा मेल आला. हॉस्पिटलने काम थांबवलंय, हे खरं आहे. एक माणूस येऊन विचारून गेला — ही बाई दारू पिते का, भाडं थकवते का, घरात भांडणं आहेत का. त्यांना वाटलं, हिने कुणाला तरी फसवलंय, पोलिसांचा नाहीतर सावकाराचा माणूस आहे. नैरोबीचा गटही त्यावर मागे सरला. तिलाही आधी वाटलं, नचिकेतचं काम. पण त्या माणसाने कुणासाठी विचारतोय ते नाव घरमालकाकडे लिहून ठेवलं होतं. माझं. शेवटी एक ओळ — यातलं काहीही तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं.

सिद्धार्थने निदान तिला तोंडावर विचारलं होतं.