व्याह्यांचा वॉर्ड

१९ नोव्हेंबर १९६१, रविवार

आधी सगळ्यांची तब्येत. कापसाच्या प्रेसमध्ये होतो तेव्हा हमालांची पत्रं लिहून द्यायचो, ती सवय हाताची गेली नाही. तर — घरधनीण केशर, तिचा गुडघा थंडीनं धरला आहे. शेकून देतो, तरी चुलीपासून उठताना "माय वो" ऐकू येतंच. बहिणीचा मुलगा धर्मपाल, त्याचा खोकला उतरला. दवाखान्यात कंपाउंडर आहे, पण स्वतः औषध घेईल तर शपथ. बकरी व्याली, पिलं धडधाकट. माझ्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधली आहे, दिसतं.

राहिली शालू. तिचा आठवा महिना सरत आला. पहिलटकरीण. तिचं कसं काय चाललं आहे ते मला माहीत नाही. मोर्णा नदीच्या याच काठाला, याच वॉर्डात, दोन गल्ल्या पलीकडे माझी मुलगी नांदते, आणि मला माहीत नाही!

कारण नगरपालिकेची निवडणूक.

२१ नोव्हेंबर

आज नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल.

बाबासाहेबांचं फेडरेशन होतं तोवर एक झेंडा, एक माणूस. आता आपल्याच पक्षाचे दोन तट पडले आहेत. वर नागपूर-मुंबईला कोण कोणावर रुसलं ते आम्हाला काय कळणार! पण वरचं भांडण पाझरत पाझरत आमच्या जुन्या शहरातल्या नळापर्यंत आलं. एका तटानं धर्मपालला उभा केला. दुसऱ्यानं देवमन इंगळेला — म्हणजे माझ्या व्याह्याला, शालूच्या सासऱ्याला. फेडरेशनच्या जुन्या निशाणीचा हत्ती दोघांनाही पाहिजे होता. मिळाला कोणालाच नाही. धर्मपालला कंदील, देवमनला सायकल. तिसरे महादेवराव, सरकीचे व्यापारी, नागरिक गटाचे. त्यांची निशाणी झाड. ते आमच्या वस्तीत अजून पायही ठेवत नाहीत. गरज काय? आमची मतं दोघांत वाटली की ते बसल्याजागी निवडून येणार.

धर्मपालच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. भाचा आहे, बहीण गेल्यावर माझ्याच ताटात जेवला. देवमननं तिथेच कचेरीच्या पायरीवर विचारलं, "व्याही, मले एका शब्दानं तं विचारलं असतं." तेवढंच बोलला आणि पायऱ्या उतरून गेला. छप्पन साली नागपूरला, दीक्षेच्या वेळी, आम्ही दोघं एकाच चादरीवर झोपलो होतो.

तेव्हापासून बोलणं बंद. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. माहेरच्यांनी जायचं आणि लेक घेऊन यायची. पण मी कोणत्या तोंडानं त्याच्या दारात उभा राहू? अन् दारातच नाही म्हणाला तर? त्यानं निरोप धाडावा, मी लगेच जातो.

केशर म्हणते, "तुमचं दोघायचं इलेक्शन होईस्तोर पोरीनं काय पोटातलं लेकरू थांबवून ठेवावं काय?"

२५ नोव्हेंबर

बायांना लिहायला शिकवायचा संध्याकाळचा वर्ग सोडलेला नाही. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया जमतात, दोन्ही तटांच्या. खरं तर नदीकाठच्या, देवमनच्या गल्लीतल्या बाया जास्त. वर्गात इलेक्शनचं नाव काढायचं नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी घातला. शिक्षण एका बाजूला, मतं दुसऱ्या बाजूला. धर्मपालला ते आवडलं नाही. म्हणाला, "मामा, आयत्या इतक्या बाया समोर बसतात, कंदिलाचं दोन शब्द बोलायले काय जाते?" मी म्हटलं, मग उद्या अर्ध्या बाया येणार नाहीत.

आमच्या वर्गाचं मूळ काम एकच — अंगठा सोडवणं. या अंगठ्यानं आमच्या लोकांची वावरं गेली, मजुरी गेली. मी प्रेसमध्ये गाठींवरचे शिक्के बघून अक्षरं शिकलो, म्हणून मला त्याची किंमत. बायांना रोज घोकून घेतो : कागद पुढे आला की अंगठा नाही, पेन्सिल घ्यायची आणि आपलं पुरं नाव लिहायचं. भागीरथाकाकू पंच्याहत्तरीच्या असतील. आज पहिल्यांदा नाव पूर्ण लिहिलं आणि पाटी तशीच पदराखाली झाकून घरी नेली. पुसली जाईल म्हणून!

देवमनची बायको जाईबाईही येतात. त्यानं नको म्हटलं असावं, तरी येतात. विहीणबाई माझ्याशी अक्षरांपलीकडे बोलत नाहीत. आज मीच खाली बघत विचारलं, शालू कशी आहे? त्यांनी "ज" गिरवला, मग म्हणाल्या, "पायावर सूज हाय. वाट पाहून राहिली."

घरी येऊन केशरला फक्त सुजेचं सांगितलं.

२९ नोव्हेंबर

कापसाच्या गाड्यांची रांग पुलापर्यंत. दिवसभर भोंगे, ओरडा. शालूकडून काही नाही.

६ डिसेंबर, बुधवार

आज बाबासाहेबांना जाऊन पाच वर्षं झाली. एका वस्तीत दोन सभा. इकडे समाजमंदिरात धर्मपालची, तिकडे निंबाखाली देवमनची. मेणबत्त्या तिकडेही, इकडेही. मी अर्थातच इकडे.

वंदना दोन्हीकडे सुरू झाली, पण तिकडची अर्धी ओळ मागे. आमचं संपलं तरी त्यांचं चालूच. आमची माणसं गप्प बसून ऐकत होती. त्यात शालूचा आवाज मला ओळखू आला. लहानपणापासून ओळीच्या शेवटी तिचा सूर थोडा वर चढतो. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं असेल, बाबासाहेबांच्या आठवणीनं. तीही होती. पण खोटं कशाला लिहू!

आपण कशासाठी वेगळे झालो आहोत हे मला कोणी चार वाक्यांत सांगावं. धर्मपालला विचारलं तर तो भाषण करतो.

१० डिसेंबर, रविवार

मतदान झालं. जसं घडलं तसं लिहितो.

या खेपेला रीत नवी. आधी प्रत्येकाची वेगळी पेटी असे, निशाणी बघून चिठ्ठी टाकली की झालं. आता एकच पेटी. कागदावर सगळ्यांच्या निशाण्या, आत दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि आपल्या निशाणीसमोर फुली मारायची. पालिकेचा माणूस येऊन एकदा सांगून गेला. दोन्ही तटांनी आपापली निशाणी घोकून घेतली. वर्गात मी एक शब्द काढला नाही. माझा नियम!

सकाळी शाळेबाहेर उभा होतो. विहीणबाई मत देऊन बाहेर आल्या. चेहरा असा फुललेला की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सरळ माझ्याकडे आल्या. "भाऊ, अंगठा नाई लावला. सायकलीसमोर पुरं नाव लिवलं, जाईबाई देवमन इंगळे. एक अक्षर चुकलं नाई."

क्षणभर छाती भरून आली. मग लक्षात आलं. नाव लिहिलेलं मत बाद होतं! कोणाचं ते कळता कामा नये, म्हणून तर पडदा लावलेला. त्यांच्या मागून आलेल्या दोघींना विचारलं. त्यांनीही सहीच केली होती. कागद पुढे आला, पेन्सिल हाताशी होती — मी शिकवलं तेच केलं त्यांनी.

धर्मपालला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "मामा, आता चूप राहा. तुमच्या वर्गात त्यायच्याच गल्लीच्या बाया जास्त. आपलं नुकसान थोडं, त्यायचं जास्त."

हिशेब बरोबर होता त्याचा. मी उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या वेळात आणखी बाया आत गेल्या. ते मी लपवत नाही. मग म्हटलं, ज्या बाईनं पंच्याहत्तरीत आपलं नाव कमावलं, तिचं मत तिच्याच नावानं मरावं, आणि ते मी बघत उभा राहावं? गेलो नदीकाठच्या गल्लीत.

भागीरथाकाकू निघायच्या तयारीत होत्या. सांगितलं, आज सही करू नका, फक्त फुली मारा. त्यांनी कमरेवर हात ठेवले. "काल म्हणे सही कर, आज म्हणे नोको करू. देवमनचं मत पाडायले आले काय, श्रावणभाऊ? तुमी तं कंदीलवाले." बाकीच्या हसल्या. कोणी ऐकेना. मी जितकं समजावलं तितका त्यांचा संशय वाढला. भाच्यासाठी मामा डाव खेळून राहिला!

त्यांचा विश्वास बसेल असा माणूस एकच. म्हणून ज्या दारात महिनाभर गेलो नाही त्या दाराकडे निघालो. पण देवमन वाटेतच भेटला, निंबाखाली माणसांना यादीतल्या नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होता. सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं, आता शिवी येते. त्यानं चिठ्ठ्या दुसऱ्याच्या हाती दिल्या, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाला, "चला. वरच्या आळीपासून घेऊ."

मग आम्ही दोघं घरोघर. कंदील आणि सायकल बरोबर चाललेले पाहून लोक दारात आले. तो म्हणायचा "व्याही खरं सांगून राहिले", मग मी सांगायचो. तुझ्या बाया, माझ्या बाया असं कोणीच केलं नाही. भागीरथाकाकू त्याला म्हणाल्या, "मंग हे शिकून फायदा काय झाला रे?" देवमननं पुढच्या दाराची कडी वाजवली. मी मागोमाग गेलो.

त्याच्या घरावरून गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं. तो थांबला नाही. मीही "आत जाऊ का" म्हटलं नाही.

११ डिसेंबर

मोजणी. महादेवराव आले. देवमन थोडक्यात मागे राहिला, धर्मपाल त्याच्या मागे. बाद मतांची चळत वेगळी ठेवली होती, ती जिंकण्या-हरण्यातल्या फरकाहून जाड. अधिकाऱ्यानं एकेक कागद उचलून तिघांच्या माणसांना दाखवला. सगळी अक्षरं माझ्या ओळखीची. काना कुठे लांबतो, वेलांटी कोणाची आडवी पडते, सगळं. जास्त करून सायकलीसमोर.

देवमन माझ्या शेजारी बसून बघत होता. सगळे कागद पाहून झाल्यावर म्हणाला, "मेहनत तं चांगली केली तुमी, व्याही. एक बी अक्षर वाकडं नाई."

टोमणा होता की खरंच म्हणाला? रस्ताभर विचार केला. अजून कळलं नाही.

१२ डिसेंबर

वर्गाला कोणीच आलं नाही. ओटा झाडला, परत आलो.

१५ डिसेंबर

केशर रोज एकच विचारते — कधी जाता आणायला? मी म्हणतो, त्याच्या जखमेवर खपली तर धरू दे. माझ्या शिकवण्यानं जो पडला त्याच्या दारात जाऊन वर लेक मागू? तिला हे पटत नाही. मलाही फारसं पटत नाही, पण पाय उचलत नाहीत.

वर्गाला आज चौघी आल्या. त्यात विहीणबाई नव्हत्या.

१९ डिसेंबर

धर्मपाल महादेवरावांकडे गेला.

निवडून आलेले सभासद मिळून बाहेरचे काही जण निवडून घेतात, त्यात त्याचं नाव आहे. नागरिक गटात बसणार. स्वतःच सांगायला आला, नवा सदरा घालून. मी बसवलं, चहा दिला. तो म्हणाला, आत बसलो तर वस्तीत दोन दिवे तरी लावता येतील, बाहेर राहून काय मिळालं आपल्याला? त्याचं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. दिवे लागतील कदाचित. पण ज्या सहीपायी देवमन माझ्यापासून तुटला, ती सही मी कोणत्या पक्षासाठी केली होती? तोच पक्ष महिन्याभरात राहिला नाही. माझ्या घरातून चहा पिऊन गेला.

केशर आतून ऐकत होती. तो गेल्यावर कपबशी उचलता उचलता म्हणाली, "याच्यासाठी पोरीले तिकडं ठेवलं आपण." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर

दुपारी घरी आलो तर केशर नाही. भाकरी झाकलेली, बकरीला पाला घातलेला, तिचं लुगडं दोरीवर नाही. रागावून वलगावला भावाकडे गेली असणार. गुडघा असा, आणि मोटारीच्या स्टँडपर्यंत चालत गेली! उद्या जाऊन समजूत काढीन.

२१ डिसेंबर

वलगावला जाऊन आलो. ती तिथे गेलीच नाही.

२२ डिसेंबर, शुक्रवार

जावई बडनेऱ्याहून रजेवर आला आहे. सकाळी त्याच्या हाती देवमनची चिठ्ठी आली : "जयभीम. काल पहाटे नात झाली. शालू सुखरूप, लेकरू सुखरूप. केशरविहीणबाई परवापासून आमच्याच घरी हायत, लेकीच्या सासरचं जेवत नाई म्हणत होत्या, पण जेवल्या. आता तुमी काहून येत नाई ते विचारून राहिलो. उत्तर लवकर धाडा, मी दार उघडं ठेवलं हाय."

उत्तर लिहायला वही उघडली होती. जावई दारात उभा आहे. एवढंच लिहून निघतो.